पूर्वमंजुरी

फोन आला तेव्हा कौशल्या मेथी निवडत होती. गुरुवार होता, अकरा वाजून गेले होते, आणि बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ऊन जेवणाच्या टेबलापर्यंत आलं होतं. पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला, "नमस्कार मॅडम, मी शेफाली बोलतेय, आपल्या आरोग्य विम्याच्या विभागातून. कौशल्या भीमराव दांगट आपणच ना?"

"मीच. बहुतेक वेळा मीच असते."

"मॅडम, आपल्या पॉलिसीवर आपल्या मिस्टरांच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरीची विनंती आली होती. ती नामंजूर झालीय, तेवढं कळवायचं होतं."

"त्यांची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. प्रोस्टेटची. तेव्हा तुम्ही मंजूर केली होतीत."

"नाही मॅडम, ही नवीन आहे." मुलगी थांबली. मग गर्दीचा रस्ता पळत ओलांडावा तशी ती एका दमात म्हणाली, "पेनाइल इम्प्लांट, फॉर इरेक्टाइल डिसफंक्शन, हे पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींमध्ये येतं मॅडम, सॉरी मॅडम."

कौशल्याच्या हातात मेथीची एक काडी होती. तिने ती नीट खुडली. "तुमचं वय काय?"

"माझं? तेवीस, मॅडम."

"बरं. हे सगळं लेखी पाठवा."

"ईमेल केलाय मॅडम."

"पोस्टानेही पाठवा," कौशल्या म्हणाली आणि फोन ठेवला.

उरलेली मेथी तिने निवडून संपवली. संपल्यावर बघितलं तर पानं वर्तमानपत्रावरच्या कचऱ्यात गेली होती आणि देठं चाळणीत धुवायला ठेवली होती. ती पुन्हा बसली आणि पानं वेचायला लागली. कॉलेजच्या परीक्षा विभागात तिने तेहेतीस वर्षं काढली होती. नामंजूर या शब्दाचा शिक्का तिने स्वतःच्या हाताने किती कागदांवर मारला असेल त्याची मोजदाद नव्हती, आणि त्या शब्दाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता तिला वाटत होतं ते वेगळंच होतं. नामंजूर व्हायला आधी कुणीतरी अर्ज करावा लागतो. भीमरावांनी अर्ज केला होता. या माणसाने जन्मात एक फॉर्म स्वतः भरला नव्हता. रेशनकार्ड, गॅस, मतदार यादी, मार्केट यार्डातल्या फुलांच्या गाळ्याचा परवाना, सगळीकडे तिचं अक्षर आणि खाली त्यांची वाकडी सही. चाळिशीचा चष्मा लागला तेव्हा नंबर काढायला गेले तेही तिला घेऊन. असा माणूस एकटा कुठल्यातरी दवाखान्यात गेला, फॉर्म घेतला, तिच्या पॉलिसीचा नंबर शोधून काढला, आणि ‘कारण’ या रकान्यासमोर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? आणि मग, पाण्यातून बुडबुडा वर यावा तसा एक प्रश्न वर आला आणि फुटला: कुणासाठी?

गाळ्याशेजारी हार करायला बसणारी शकू तिला आठवली. पन्नाशीची, विधवा, हसताना मान मागे टाकणारी. शकू भीमरावांना दादा म्हणायची आणि त्यांच्या डब्यातलं लोणचं हक्काने घ्यायची. कौशल्याला स्वतःची लाज वाटली, पण ती उठून रुपालीच्या खोलीत गेलीच. मुलगी लग्न होऊन हिंजवडीला गेल्यापासून खोली रिकामी होती, आणि गेली दोन वर्षं भीमराव तिथे झोपत होते. कपाटात धोतरांच्या घडीखाली फाइल सापडली. धोतर ते आता फक्त लग्नकार्यात नेसत, त्यामुळे लपवायला ती जागा उत्तम होती, आणि नेमकं तिथेच कुणीही बघितलं असतं. वरच्या कागदावर डॉक्टरांचं गोल, शाळकरी अक्षर होतं. गोळ्या चार महिने घेतल्या, गुण नाही. पंप आणि इंजेक्शन यांची माहिती दिली, रुग्ण थेट शस्त्रक्रिया मागतात. पत्नीला सोबत आणण्यास सांगितले. आणि खाली, अवतरणचिन्हांत, बहुधा डॉक्टरांना ते वाक्य जसंच्या तसं टिपावंसं वाटलं म्हणून, मराठीत: "तिला काही म्हणू नका. तिला पुन्हा नीट भेटायचंय एवढंच."

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सगळं निघालं, आता चिंता नाही. रुपालीने मजल्यावरच्या चारी घरांत पेढे वाटले होते. मग घरी आल्यावर लघवीचा त्रास, पॅड, पलंगावर रबरी चादर, आणि भीमराव एके दिवशी उशी काखोटीला मारून या खोलीत आले. "तुझी झोपमोड नको," म्हणाले. पाच महिन्यांत त्रास थांबला, उशी मात्र परत आली नाही. ती काही बोलली नाही. काय बोलणार? एकसष्ट वर्षांच्या बाईने नवऱ्याला, तुम्ही परत कधी येणार, असं विचारायचं तर आवाज कुठल्या पट्टीत लावायचा हे तिला माहीत नव्हतं. ती पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपायला शिकली आणि मैत्रिणींना सांगायला लागली, बरं वाटतं बाई, घोरणं नाही काही नाही. पण स्वयंपाकघरात ती मागून गेली की भीमराव ओट्याला चिकटून वाट देत. बसमध्ये परक्या बाईला द्यावी तशी, अंग चोरून. ते तिला लागायचं. तिला वाटायचं, आपल्यातलंच काहीतरी संपलंय आणि ते त्यांना दिसलंय, आणि बिचारे सभ्यपणाने बोलत नाहीत.

आणि हा माणूस कपाटात हे ठेवून बसला होता. सुई बघितली तरी ज्याचे ओठ पांढरे पडतात, तो पुन्हा टेबलावर झोपायला तयार झाला होता. तिला हसू आलं. घरात कुणी नसताना तिने तोंडावर हात ठेवला आणि हसत राहिली, आणि हसता हसता मानेवरून, कानामागून एक ऊब चढत गेली, ती कितीतरी वर्षांनी चढली होती, तिने तिला लगेच ओळखलं. लग्नानंतर वडगावच्या घरात पंधरा माणसं होती. भीमराव पहाटे साडेतीनला फुलांच्या गोण्या घेऊन बाजारात जायचे, अकराला परत यायचे. तिची रजा असली आणि सासूबाई दुपारी भजनाला गेल्या की तेवढा दीड तास त्यांचा. त्यांच्या अंगाला निशिगंधाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास यायचा, आणि झेंडूने बोटं अशी पिवळी झालेली असायची की कितीही धुतली तरी रंग जायचा नाही. एकदा ऑफिसातल्या कुलकर्णीबाईंनी विचारलं होतं, "दांगट, कुणाची हळद होती काल? मानेला लागलीय तुमच्या." ती म्हणाली होती, नणंदेची. नणंदेचं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. फायलींच्या आड तोंड घालून ती त्या दिवशी अशीच हसली होती. ती हसणारी बाई कुठे गेली असं तिला वाटायचं; तर ती इथेच होती, मेथीच्या वासाचे हात घेऊन रुपालीच्या पलंगावर बसलेली.

एक वाजता भीमराव आले. गाळा आता पुतण्या साईनाथ बघत होता, पण भीमराव रोज सकाळी जाऊन बसत, भाव ऐकत आणि साईनाथला नको असलेले सल्ले देत. हातपाय धुऊन ते ताटावर बसले. तिने भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि म्हणाली, "विम्याचा फोन आला होता."

भाकरी मोडणारा हात थांबला. "कुणाला?"

"पॉलिसी माझी आहे. मला."

"मी माझा नंबर दिलता."

"त्यांच्याकडे माझाच आहे. नामंजूर झालं म्हणाली."

भीमरावांनी तुकडा ताटात ठेवला. "आजून काय म्हणली?"

"सगळं म्हणाली. इंग्रजीत."

"पोरगी होती?"

"तेवीस वर्षांची."

"आयला," भीमराव म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचे कान असे लाल होतात हे कौशल्याने पहिल्यांदाच पाहिलं आणि तिला ते फार आवडलं. पण राग होताच. तो कुठेतरी खाली, भांड्याच्या बुडाला लागल्यासारखा होता, आणि तो खरवडून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

"मला का नाही विचारलंत?"

"तुला काय इचारायचं त्यात."

"मला नाही विचारायचं तर कुणाला? साईनाथला?"

"तसं न्हाय." ते भाकरीचा तुकडा चिमटीत फिरवत राहिले. "तू म्हणली असतीस, आता काय वय हाय का, कशाला हे थेर. म्हणली असतीस का न्हाय? मग माझ्याकडं काय राह्यलं असतं? इचारलं न्हाय तंवर निदान..."

"निदान काय?"

"निदान तुला बी पायजे असंल, असं धरून चालता येत होतं."

ती उठली आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली. तवा रिकामाच तापत होता. या माणसाने दोन वर्षं हे असं धरून चालण्यावर काढली होती, आणि ती पलीकडच्या खोलीत दुसरंच काहीतरी धरून चालली होती, मध्ये विटेची एक भिंत. तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मागे वळून त्यांच्या लाल कानाला हात लावावासा वाटला. यातलं काहीच तिला जमलं नाही. तव्याकडे बघतच ती म्हणाली, "आणि मला हवं असलं तर?"

मागे काही आवाज झाला नाही. खुर्चीही सरकली नाही. तिला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही, आणि आता पुन्हा म्हणायचं धैर्य आपल्यात नाही. मग भीमराव घसा खाकरून म्हणाले, "भाकरी हाय का आजून एक?"

"आहे."

त्या दिवशी त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या.

शनिवारी दोघं सातारा रस्त्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर राजनंदिनी कुंजीर रुपालीपेक्षाही लहान दिसत होत्या, केस वर बांधलेले, टेबलावर प्लास्टिकचा एक उभा छेद दिलेला पुरुष, म्हणजे त्याचा मधला तेवढा भाग. भीमराव त्या वस्तूकडे एकदा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले आणि मग महिनाभराच्या तिथी वाचत राहिले. कौशल्याने वही काढली.

"काका, काकूंना आणलंत हे बरं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "मी तीनदा सांगितलं होतं. काकू, ऑपरेशनमध्ये गाठ काढताना आजूबाजूच्या बारीक नसा दुखावतात. इच्छा जागेवर असते, निरोप पोचत नाही. कधी दीड-दोन वर्षांत नसा थोड्या सावरतात, कधी नाही. गोळ्यांना त्या नसांची मदत लागते, म्हणून यांना गोळ्यांचा गुण आला नाही."

मग त्यांनी एकेक सांगितलं. पंप म्हणजे एक नळकांडं. त्यातली हवा ओढली की रक्त तिकडे येतं, मग बुडाशी रबरी कडं चढवायचं, अर्ध्या तासाच्या आत काढायचं. इंजेक्शन अगदी बारीक सुईचं, बाजूला द्यायचं, आणि परिणाम चार तास उतरला नाही तर लाजत न बसता दवाखाना गाठायचा. शेवटचा उपाय शस्त्रक्रिया. आत कायमचं बसवायचं. उत्तम चालतं, पण त्यानंतर मूळचं जे काही उरलंय ते परत येत नाही, म्हणून ते शेवटी. कौशल्याने सगळं लिहून घेतलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपलं अक्षर आज छान येतंय.

"आणि विमा का नाही म्हणतो?"

"बऱ्याच पॉलिसी याला चैन समजतात, काकू. कॅन्सर काढायचे पैसे देतात, त्याने जे जातं त्याचे नाही. मी पत्र देते की हा त्याच ऑपरेशनचा परिणाम आहे. अपील करा. पण त्या भरवशावर थांबू नका, आधी पंप वापरून बघा."

"यंत्र?" भीमराव कॅलेंडरकडे बघत म्हणाले. ते त्या दिवशी दवाखान्यात बोललेलं पहिलं वाक्य. "हिरीला पाणी नसल्यावर वर इंजन बसवून काय उपेग?"

"पाणी आहे काका," डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या. "मी तपासलंय."

कौशल्याला हसू आवरेना. डॉक्टरांनाही आवरेना. भीमराव आधी रागावल्यासारखे बसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते डोळे पुसत हसले, बाहेरची मुलगी दार किलकिलं करून बघून गेली. हसणं निवल्यावर डॉक्टरांनी पेन बंद केलं आणि विचारलं, "दोघं एका खोलीत झोपता का?"

मग दोघंही एकदम म्हणाले, "नाही."

"ते आजपासून सुरू करा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही."

त्या संध्याकाळी भीमरावांनी उशी परत आणली. आल्यावर ती कुठल्या बाजूला ठेवायची हे त्यांना आठवेना, किंवा आठवत नसल्याचं त्यांनी दाखवलं. भिंतीकडे, ती म्हणाली. पाठीला पाठ लावून दोघं झोपले, आणि मधोमध पसरून झोपायची सवय झालेल्या तिला आपले हात कुठे ठेवायचे ते कळेना. पण ती ऊब होती. आणि घोरणं होतं. ते इतकं मोठं असतं हे ती विसरली होती.

अपील तिने हाताने लिहिलं, दोन पानं, समास सोडून. माझ्या पतीचा कर्करोग काढण्याचा खर्च आपण दिलात याबद्दल आभारी आहे. माणसाला चालता यावं म्हणून आपण गुडघे बदलायला मंजुरी देता, दिसावं म्हणून मोतीबिंदूला देता. शस्त्रक्रियेने जे हिरावलं ते परत मिळवणं हा त्याच उपचाराचा राहिलेला भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. सबब फेरविचार व्हावा. टपालाने पाठवता आलं असतं, पण तिला पोच हवी होती, म्हणून ती स्वतः विमा कार्यालयात गेली. भीमराव येतो म्हणाले. तिने नको म्हटलं. रांगेत सात-आठ माणसं होती, बहुतेक तिच्याच वयाची, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत एक्स-रे आणि बिलं. काचेमागच्या तरुणाच्या छातीवर संतोष असं नाव होतं. त्याने अर्ज वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि काचेच्या भोकाजवळ तोंड आणून कुजबुजला, "मॅडम, हे जरा पर्सनल आहे."

"पर्सनल आहे म्हणूनच विमा काढला. सार्वजनिक असतं तर महापालिकेत गेले असते."

"हो मॅडम. नोंदीत विषय काय लिहू?"

तिने सांगितलं. त्याला काचेतून ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. आणि मग कौशल्या दांगट, निवृत्त अधीक्षक, परीक्षा विभाग, वय वर्षं त्रेसष्ट, या बाईने नापास मुलांच्या पालकांना ऐकू जावा म्हणून लावायची तो आवाज लावला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "लिंगाची ताठरता. शस्त्रक्रियेनंतर गेलेली. ठ ठशाचा." पंख्याचा आवाज तेवढा राहिला. हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला नव्हता, चाळीस वर्षांच्या संसारात, नवऱ्याजवळसुद्धा. त्यांच्यात त्याला नावच नव्हतं, सगळं "ते" आणि "तसं" यांत भागलं होतं. आता तो शब्द बाहेर पडला होता आणि छत कोसळलं नव्हतं. गुडघा म्हणावं, कोपर म्हणावं, तसा तो खोलीत उभा होता. संतोषने मान खाली घालून नोंद केली, शिक्का मारला, पोच दिली. ती वळली तेव्हा मागचे गृहस्थ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बाजूला सरकले, आणि ती पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "बाई, एक मिनिट. ते डॉक्टर कुठे बसतात म्हणालात?"

"मी म्हणाले नाही अजून," कौशल्या म्हणाली. "सातारा रस्त्यावर."

रांगेच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "पत्ता जरा मोठ्याने सांगा."

पंप त्याच आठवड्यात आणला. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. कौशल्या चष्मा लावून वाचायची आणि भीमराव पलंगावर बसून, बाजारात नव्या वजनकाट्याकडे बघावं तसं त्या नळकांड्याकडे संशयाने बघायचे. पहिल्या दुपारी ते हातातून निसटून पलंगाखाली गेलं आणि दोघं गुडघे धरून शोधत बसले. दुसऱ्या खेपेला जमत आलं होतं, तर कडं चढवताना भीमराव असे ओरडले की ती घाबरून उठली, आणि मग इतकी हसली की पुढचं सगळं राहूनच गेलं. भीमरावही हसले. तिसऱ्या खेपेला मात्र ते हसले नाहीत. त्यांनी ते सगळं उचलून डब्यात भरलं, गॅलरीत जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "बास झालं. म्हातारा झालो, कबूल करतो. आता नको."

ती दारात उभी राहिली. तिला भीती वाटली, ऑपरेशनच्या दिवशी वाटली होती तशी. ओट्यावर तिची वही उघडी होती. तारीख, वेळ, काय झालं, काय नाही, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. तिने ते वाचलं आणि तिला एकदम दिसलं की ती पुन्हा परीक्षा घेत होती, आणि तो माणूस दर खेपेला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा निकालाची वाट बघत होता. हवं असल्याचं सांगायला तिला दोन वर्षं लागली होती, आणि सांगितल्यावर तिने त्याचा अभ्यासक्रम केला होता. वही तिने रद्दीत टाकली. गॅलरीत जाऊन ती त्यांच्या शेजारी बसली. खाली भंगारवाला ओरडत गेला. उशी आज कुठे जाणार, याचाच विचार ती संध्याकाळपर्यंत करत होती. उशी भिंतीकडेच राहिली.

पुढचे आठ दिवस डबा कपाटात होता. एका दुपारी जेवणानंतर भीमराव सदरा काढून पंख्याखाली पडले होते आणि ती शेजारी लवंडली होती. दोन वर्षांत त्यांनी तिच्यासमोर सदरा काढला नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. पोटावर पाच बारीक खुणा होत्या, देवीच्या लशीच्या असतात तशा. तिने पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. भीमरावांनी पोट आत ओढलं.

"दुखतं?"

"न्हाय. तू बघायला नको होतंस."

"का?"

"बरं दिसत न्हाय."

"तुम्ही आधी फार देखणे होतात?"

ते फस्सकन हसले आणि पोट पुन्हा सैल पडलं. ती एकेका खुणेवरून बोट फिरवत राहिली, दुसरं काही नको होतं. मग त्यांचा हात आला, तिच्या मानेवर, कानामागे, अंदाज घेत, अंधारात खुंटी शोधणाऱ्या माणसासारखा, आणि तिने डोळे मिटले. अंगाला आता निशिगंधाचा वास नव्हता. वेदनाशामक मलमाचा होता. तोही चालला. आणखी दोन-तीन दुपारी अशाच गेल्या, आणि मग एके दिवशी भीमराव स्वतःच उठून कपाटाकडे गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "बघायचं का पुन्यांदा? न्हाय जमलं तर न्हाय." ते तसं म्हणाले म्हणूनच कदाचित, जमलं. पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वीसारखं काहीच नव्हतं, गुडघेसुद्धा नव्हते. मध्येच त्यांच्या पायात गोळा आला, मध्येच तिला शिंक आली, घड्याळावर एक डोळा ठेवावा लागला. पण ते तिथे होते, तीही तिथे होती, आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो वडगावच्या घरात पंधरा माणसांमुळे तिने कधी निघू दिला नव्हता. भीमराव थांबून तिच्याकडे बघायला लागले. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "थांबू नका."

अपिलाचं उत्तर पोस्टाने आलं. आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि. तथापिच्या पुढचं तिने वाचलंही नसतं तरी चाललं असतं; ते वळण तिचं रोजचं होतं. भीमराव म्हणाले, "जाऊ दे की आता. आपलं चाललंय ना?" ती म्हणाली, "प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. त्या रांगेतल्या माणसांचं काय? उद्या कुणाला ती शस्त्रक्रियाच करावी लागली तर?" विमा लोकपालांच्या कार्यालयाचा पत्ता तिने शोधून ठेवला होता. सोमवारी ती लिहायला बसणार होती, दोन पानांची चार होणार होती, आणि या खेपेला कुठलाही शब्द ती आडून लिहिणार नव्हती. तिला त्या लिहिण्याची ओढ लागली होती.

पण तो रविवार होता. साडेचारला खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती, पाण्याच्या टँकरवरून. सव्वाचार वाजले तेव्हा दोघांपैकी कुणाचंही अंथरुणातून उठायचं लक्षण नव्हतं, आणि मग खालून आप्पासाहेबांनी, म्हणजे सोसायटीच्या चेअरमननी, "दांगट, चला" अशी हाक मारली तशी एकच धांदल उडाली. भीमरावांनी मिळेल तो शर्ट चढवला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, चपला शोधल्या. दारापर्यंत गेले तेव्हा कौशल्याच्या लक्षात आलं की शर्टाची गुंडी एक घर चुकली आहे. डावी बाजू चार बोटं खाली लोंबत होती आणि गळ्याशी एक काज रिकामं होतं. ओठांवर आलेलं तिने गिळलं. "सावकाश जा," एवढंच म्हणाली.

ती गॅलरीत आली. पोटात सणकून भूक लागली होती; दुपारच्या भाकरीत तिने गूळतूप गुंडाळून घेतलं होतं आणि उभ्या उभ्याच खात होती. खाली खुर्च्या मांडल्या होत्या, आप्पासाहेब कागद हलवत टँकरवाल्याच्या सात पिढ्या काढत होते. भीमराव आल्या आल्या बोलायला लागले. इतक्या तावातावाने ते पूर्वी कधी सभेत बोलले नव्हते. हात हवेत, आवाज खणखणीत, आणि हात वर गेला की शर्टाचं ते लांबलेलं टोक मागेपुढे हलत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी शेजारच्या खुर्चीतल्या कुणीतरी त्यांच्या शर्टाकडे बोट दाखवलं.

भीमरावांनी खाली पाहिलं. मग मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. ती तोंडात घास तसाच धरून उभी होती. त्यांनी एक हात गुंडीकडे नेला, तिथे क्षणभर ठेवला, आणि गुंडी तशीच राहू देऊन ते पुन्हा टँकरवर बोलायला लागले.